लाल बटणाचा मान

“बंद करायला माझी हरकत नाही,” प्राचार्य उंबरजे म्हणाले. “पण आधी मीच का?”

त्यांच्या पाठीमागे काचेच्या टाकीत तीन-चार लाल मासे फिरत होते आणि टाकीतला पंप संथपणे बुडबुडे सोडत होता. डोक्यावर पंखा होता, तोही चालू. बाहेर अख्ख्या गावात लाईट नव्हती. लांब कुठेतरी वरच्या लाईनवर झाड पडलं होतं आणि ते उचलायला माणसं गेली आहेत एवढीच बातमी होती.

मी म्हणालो की सर, तुम्ही केलंत की बाकीचे आपोआप करतील.

“हुलसुऱ्यांनी केलंय?”

“नाही अजून.”

“म्हणजे मी इथे घाम पुसत बसायचं आणि उपप्राचार्यांचा वॉटर कूलर चालू.” त्यांनी माझ्याकडे कणवेने पाहिलं. “तुम्ही कॉमर्सचे, खिलारे. तुम्हाला यातलं कळायचं नाही.”

हे खरं होतं. मला त्यातलं कळत असतं तर मी संगणक समितीचा प्रमुख झालोच नसतो. माझ्या घरी कॉलेजात सगळ्यांच्या आधी कॉम्प्युटर आला होता आणि मी त्यावर पत्ते खेळायचो. समितीच्या कागदावर त्याला ‘पूर्वानुभव’ म्हटलं गेलं होतं.

ते भारनियमनाचे दिवस होते. आमच्या गावातली दळणं, दाढ्या आणि साखरपुडे वीज मंडळाच्या वेळापत्रकावर ठरत. भटजी मुहूर्त सांगायचे आणि मुलीचे वडील विचारायचे, “गुरुजी, तेव्हा लाईट असते का?” आमच्या कॉलेजात मात्र अंधाराशी लढण्याची जय्यत तयारी होती. एक जनरेटर होता. तो त्या दिवशी लग्नाला गेला होता. संस्थेच्या अध्यक्षांच्या पाहुण्यांकडे कार्य होतं आणि अध्यक्षांचा जनरेटर म्हणजे तोच. दुसरा होता इन्व्हर्टर. तो प्राचार्यांच्या बंगल्यावर बसवला होता, कारण परीक्षेची गोपनीय कामं ते घरी करायचे आणि गोपनीय काम अंधारात केलं तर लोक भलतेच अर्थ काढतात. आणि तिसरा होता यूपीएस. हा खास कॉम्प्युटरसाठी घेतलेला आणि माझ्या समितीच्या ताब्यातला.

तो विकत घेताना सोलापूरहून कुलोली नावाचे गृहस्थ आले होते. मी त्यांना म्हटलं, इन्व्हर्टर आहे की, बंगल्यावरून आणू आणि त्यालाच कॉम्प्युटर जोडू.

“सर, लाईट गेली की इन्व्हर्टरला जागं व्हायला एक झटका लागतो,” कुलोली म्हणाले. “पंख्याला तेवढ्यात काही होत नाही, तो आपल्या भरात फिरत असतो. कॉम्प्युटर मात्र तेवढ्यात सगळं विसरून मोकळा.”

मग त्यांनी यूपीएसचे प्रकार सांगितले. एक ऑफलाईन. तो लाईट असेतोवर नुसता बसून असतो आणि गेली की उठतो. उठायला इन्व्हर्टरपेक्षा चपळ, पण उठावं लागतंच. घरातल्या एका कॉम्प्युटरला तो पुरतो. दुसरा लाईन-इंटरॅक्टिव्ह. लाईट कमी-जास्त झाली तर हा बॅटरीला हात न लावता सावरून घेतो, भांडण घराबाहेर जाऊ न देणाऱ्या मोठ्या जावेसारखा. आणि तिसरा ऑनलाईन. हा उठत नाही, कारण हा झोपतच नाही. लाईट असो वा नसो, कॉम्प्युटरला वीज कायम त्याच्या हातूनच मिळते, त्यामुळे बाहेर लाईट गेलेली आत कळतही नाही. आम्ही तो घेतला. सोबत खोलीभर बॅटऱ्या आल्या.

“किती वेळ चालेल?” मी विचारलं होतं.

“पाण्याच्या टाकीसारखं समजा, सर. एकच नळ सोडला तर दुपारची संध्याकाळ होईल. सगळे सोडले तर कुणाचीच आंघोळ व्हायची नाही.”

हा उपदेश चांगला होता. चूक झाली ती पुढे. यूपीएसच्या जोडणीत चुकून कुणी इस्त्री वगैरे लावू नये म्हणून कुलोलींनी त्या सगळ्या बोर्डांवर लाल रंगाची बटणं बसवली. त्यांच्या धंद्यात लाल म्हणजे ‘हात लावू नका’. आपल्याकडे लाल दिवा मंत्र्याच्या गाडीवर असतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

पहिलं लाल बटण लागलं आणि आठवड्याभरात कॉलेजात दोन जाती झाल्या, बटणवाले आणि बिनबटणवाले. प्राचार्यांच्या केबिनमध्ये बटण हवं हे उघडच होतं. मग त्याला जोडायला काहीतरी हवं म्हणून पंखा, ट्यूब आणि माशांचा पंप आला. प्राचार्यांना आहे तर उपप्राचार्य हुलसुऱ्यांना हवं. ते विज्ञानाचे असल्यामुळे त्यांनी कूलर जोडला. मग मराठीचे विभागप्रमुख निंबाळे सर आले. कॉम्प्युटरमुळे माणसाचं अक्षर आणि अंतःकरण दोन्ही बिघडतं असा त्यांचा लेख वार्षिक अंकात छापून आला होता. त्यांनाही बटण मिळालं. त्या बटणाला काहीच जोडलेलं नव्हतं. पण ते होतं, आणि निंबाळे सर त्याच्या खाली बसून पेपर वाचायचे.

कुलोलींच्या वायरमनने वायर वाचवण्यासाठी ही सगळी बटणं एकाच माळेत ओवली होती. त्यामुळे मधूनच एखाद्याची वीज तोडण्याची सोय नव्हती. तोडायची तर ज्याची त्याने.

ऑफिसातल्या कॉम्प्युटरला एक बटण मिळालं, तेही सगळ्यात शेवटी, वायर तिथूनच जात होती म्हणून.

त्या कॉम्प्युटरवर रजनी थोंबरे बसायच्या. हंगामी लिपिक. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग दोन दिवसांचा खंड, मग पुन्हा अकरा महिने. घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालायचं. आई होती आणि शिकणारा भाऊ होता. त्यांची चालू ऑर्डर त्याच महिन्यात संपत होती. अध्यक्षांचा भाचा आदल्या आठवड्यात ऑफिसात येऊन त्यांची खुर्ची मागून-पुढून बघून गेला होता आणि जाताना “चाकं बदलून घ्यावी लागतील” असं म्हणाला होता.

तो दिवस शेवटच्या वर्षाचे परीक्षा अर्ज विद्यापीठाच्या वेबसाईटवर भरण्याचा अखेरचा दिवस. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. आधीचे कितीतरी दिवस ती वेबसाईट उघडतच नव्हती. ती त्या सकाळी उघडली. दुपारपर्यंत थोंबरे मॅडमचे निम्मे अर्ज झाले होते. न जेवता बसल्या होत्या. सकाळी प्राचार्य त्यांच्या टेबलापाशी थांबून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले होते, “थोंबरे, आज हे सगळे अर्ज गेले, तर तुमच्या ऑर्डरचं बघू.” नाही गेले तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. खुर्चीची चाकं सगळ्यांनीच ऐकली होती.

आणि मग लाईट गेली.

मी यूपीएसच्या खोलीत गेलो. त्याच्या तोंडावर पाच हिरवे दिवे असतात. जितका भार जास्त तितके दिवे जास्त. चार लागलेले होते. यूपीएस मधूनमधून टिकटिकत होता, अजून घाबरलेला नव्हता. मी हिशेब मांडला. नुसता ऑफिसचा कॉम्प्युटर आणि इंटरनेटची डबी चालली तर पाच आरामात वाजतील. सगळं असंच चाललं तर चहाच्या सुट्टीपर्यंतही कठीण.

मी थोंबरे मॅडमना खिडकीतून सांगितलं की टायपिंग थांबवू नका, मी सगळ्यांना बटणं बंद करायला सांगून येतो.

त्यांनी मान वर केली. “सगळ्यांना म्हणजे?”

“सगळ्यांना. तात्यासाहेबांसकट.”

त्यांनी पोर्चकडे एक नजर टाकली.

तात्यासाहेब म्हणजे आमचे संस्थापक. ते वारून बरीच वर्षं झाली होती. कॉलेजच्या पोर्चमध्ये, ऑफिसच्या खिडकीला लागूनच, त्यांची पुरुषभर उंचीची तसबीर आहे. तिच्यावर सराफाच्या दुकानात असतात तसे दोन फोकस सोडलेले आणि मागे गणपतीच्या आराशीतलं, फिरणारं म्हणून आणलेलं एक चक्र. चक्र अडकून बसल्याला जमाना झाला होता. त्याची मोटर फक्त गुरगुरायची. एका पुण्यतिथीला अध्यक्ष भाषणात म्हणाले होते की तात्यासाहेबांचा दिवा या संस्थेत कधीही विझणार नाही. श्रोत्यांत वायरमनही होता. त्याने तो आदेश समजून दुसऱ्या दिवशी तिथे लाल बटण बसवलं.

तेव्हापासून तो दिवा रात्रंदिवस होता. एकदा एका शिपायाने जळमटं काढायची म्हणून तो घटकाभर बंद केला, तर त्याची बदली संस्थेच्या डोंगराकडच्या हायस्कुलात झाली. जळमटंही राहिली. येणारा-जाणारा तसबिरीपुढे चपला काढायचा, हात जोडायचा, डोळे मिटायचा आणि पुढे जायचा. मीसुद्धा.

प्राचार्यांचं सुरुवातीला सांगितलंच. तिथून मी हुलसुरे सरांकडे गेलो.

“कूलर बंद करा म्हणता? पोरांनी पाणी काय प्यायचं?” ते म्हणाले. त्यांचा कूलर त्यांच्या केबिनमध्ये होता आणि तिथे एकही पोरगा कधी शिरल्याचं माझ्या पाहण्यात नव्हतं. “प्राचार्यांचे मासे काय, पाण्यातच राहतात. त्यांनी आधी बंद करावं.”

निंबाळे सर पेपर वाचत होते. मी म्हटलं, सर, तुमच्याकडे तर काही चालूच नाही.

“नाहीच मुळी.”

“मग तुमचा प्रश्न मिटला.”

“असा कसा मिटला?” त्यांनी पेपर खाली ठेवला. “मीही बंद करणार. सगळ्यांबरोबर करणार. उद्या कुणी म्हणायला नको की मराठी विभागाचं बटण आधीपासूनच बंद होतं.”

मी पुन्हा प्राचार्यांकडे आलो. मासे फिरत होते. लग्नात व्याह्यांचं पान आधी मांडायचं की विहीणबाईंचं, यावरून थंड झालेली जेवणं मी पाहिली होती. इथे पानं उचलायची होती, पण पेच तोच होता. मी दमलेला होतो, आणि दमलेला माणूस सवयीने बोलतो. मी म्हणालो, “सर, मग असं करू या. आपल्या शुभहस्ते बंद करू या.”

प्राचार्यांनी चष्मा काढला.

“कार्यक्रम म्हणता?”

मी काहीच म्हणत नव्हतो, पण आता माघार नव्हती. “छोटासा,” मी म्हणालो.

“हार-तुरे नकोत,” ते म्हणाले. “एखादा नारळ पुरे. आणि क्रम नीट लावा. माझ्यानंतर हुलसुरे, मग निंबाळे. सूत्रसंचालन निंबाळ्यांकडे द्या, म्हणजे ते शेवटी आल्याचं मनावर घेणार नाहीत.”

मला कॉमर्सचा असल्याची त्या क्षणी पहिल्यांदा लाज वाटली. ज्या गोष्टीला माणसं तासभर ‘मीच का’ म्हणत होती, तिच्यासाठीच आता नारळ मागवत होती, आणि माल कसा खपतो ते मला आत्ता कळत होतं.

केबिनमध्ये वीस-पंचवीस जण जमले. निंबाळे सरांनी प्रास्ताविकात प्रकाश आणि अंधार यांचं नातं उलगडलं. प्राचार्यांनी ऊर्जाबचतीवर चार शब्द सांगितले. ते चारशेच्या आसपास होते. मधल्या शांततेत लांबून यूपीएसची टिकटिक ऐकू यायची आणि मी घड्याळाकडे बघायचो. शेवटी नारळ फुटला, प्राचार्यांनी लाल बटण दाबलं, पंखा थांबला, बुडबुडे थांबले आणि टाळ्या झाल्या. मासे वर आले. त्यांनाही आमंत्रण असल्यासारखे.

मी पळत यूपीएसपाशी गेलो. चाराचे तीन दिवे झाले असतील अशी माझी अपेक्षा होती. दोनच होते. वाटलं, हुलसुऱ्यांनी वाट न बघता कूलर बंद केलेला दिसतो. माणूस बरा आहे. तिथून त्यांच्या केबिनवरून गेलो तर कूलर घरघरत होता आणि सर आरशात बघून भांग पाडत होते. त्यांच्या कार्यक्रमाला अजून अवकाश होता. म्हटलं जाऊ दे, या दिव्यांचं गणित कुलोलींनाच ठाऊक.

हुलसुरे सरांचा कार्यक्रम थोडा लांबला, कारण प्राचार्यांना नारळ दिला तर आपल्यालाही नारळच द्यायला हवा होता, नुसता गुच्छ का, असं त्यांचं म्हणणं पडलं. दुसरा नारळ येईपर्यंत कूलर चालू राहिला. निंबाळे सरांचं मात्र लवकर झालं. त्यांनी आपलं बटण दाबलं. काहीही न होता सगळं व्यवस्थित पार पडलं.

यूपीएसवर आता एकच दिवा होता, पण टिकटिक भरभर येऊ लागली होती. भार उतरला तरी टाकीतलं बरंचसं पाणी भाषणांत वाहून गेलं होतं. मी प्राचार्यांना सांगितलं की आता फक्त तात्यासाहेबांचा दिवा तेवढा राहिला, तो बंद झाला तर नक्की निभावेल.

सगळ्यांनी प्राचार्यांकडे पाहिलं.

“आपल्या हाताने तो कसा बंद करायचा,” प्राचार्य म्हणाले. “आपण सगळे त्यांच्याखालचे.”

अध्यक्षांना फोन लावला. लग्नाचा बँड तेवढा ऐकू आला, अध्यक्ष नाही. मग निंबाळे सर म्हणाले की तात्यासाहेबांवर अधिकार चालेल असं एकच माणूस आहे. ते बरोबर होतं. माईसाहेब, तात्यासाहेबांच्या पत्नी, कॉलेजच्या मागच्याच बंगलीत राहायच्या. त्यांना आणायला तिघांचं शिष्टमंडळ निघालं. पुण्यतिथी सोडून त्यांना बोलावण्याची ही पहिलीच वेळ.

मी ऑफिसात आलो. थोंबरे मॅडमची बोटं चालू होती. टेबलावर डबा तसाच बांधलेला.

“किती राहिले?” मी विचारलं.

“बी.ए.चे झाले. बी.कॉम.चे चालू आहेत. आता कार्यक्रम संपले ना, सर?”

मी सांगितलं की एकच राहिला आहे, तात्यासाहेबांच्या दिव्याचा, आणि माईसाहेब येताहेत.

बोटं थांबली. “ते राहू द्या, सर. त्याची काही गरज नाही.”

“गरज कशी नाही? दोन फोकस आहेत, मोटर आहे.”

“नको पण.”

“घाबरू नका, माईसाहेबांच्या हातून होणार आहे. तुमच्या अंगाला काही चिकटत नाही.”

त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. बुडत्या वर्गाकडे परीक्षेच्या आदल्या दिवशी मी तसा बघतो. “बरं,” म्हणाल्या आणि पुन्हा टाईप करू लागल्या.

माईसाहेब काठी टेकत आल्या. ठेंगण्या, ताठ, पांढरं लुगडं, पायांत कॅनव्हासचे बूट. त्यांच्यासाठी खुर्ची मांडली, त्या बसल्या नाहीत. सगळे तसबिरीपुढे ओळीने उभे राहिलो, चपला काढल्या, हात जोडले, डोळे मिटले. निंबाळे सरांनी दोन मिनिटं स्तब्धता जाहीर केली आणि ती मिळाली नाही, कारण यूपीएस ओरडत होता. मग प्राचार्य बोलायला पुढे झाले.

“काय करायचंय, मास्तर?” माईसाहेबांनी मध्येच विचारलं. त्यांच्या लेखी शिपायापासून प्राचार्यापर्यंत सगळे मास्तर.

“आपल्या शुभहस्ते, माईसाहेब, हे बटण दाबून तात्यासाहेबांचा दिवा थोडा वेळ… म्हणजे तात्पुरता… शांत करायचा आहे.”

त्या चष्मा सावरून तसबिरीकडे बघत राहिल्या. खालपासून वरपर्यंत. मग बटणाकडे, मग पुन्हा वर.

“हा बंद करायचा?”

“हो.”

“दाबू?”

“दाबावं.”

त्यांनी दाबलं. तात्यासाहेबांच्या कपाळावर दोन फोकस झगझगून लागले, मागची मोटर गुरगुरायला लागली आणि यूपीएसने लांबून एक सलग किंकाळी फोडली.

टाळ्या झाल्या. त्या आधीच ठरलेल्या होत्या. मग एकेकाचे हात हवेत थांबत गेले.

पहिल्यांदा हुलसुऱ्यांना उमगलं. विज्ञानाचे होते. “म्हणजे दिवा आधीच बंद होता,” ते म्हणाले. जरा थांबून, हलक्या आवाजात, “कुणी केला?”

दुपारभर आम्ही सगळे त्या तसबिरीसमोरून जात-येत होतो. कितीदा नमस्कार केले होते. कुणालाच सांगता येईना की दिवा केव्हापासून गेला होता. डोंगराकडचं हायस्कूल मात्र सगळ्यांना एकदम आठवलं असावं, कारण सगळे एकमेकांपासून पाऊलभर लांब झाले. आणि मग, कुणी न सांगता, माना ऑफिसच्या खिडकीकडे वळल्या. तिथला टाईप करण्याचा आवाज बंद पडला होता. थोंबरे मॅडम समोरच्या पडद्याकडे बघत होत्या. दोन्ही हात टेबलाच्या कडेला घट्ट धरलेले. चाराचे दोन कसे झाले, ते मला तेव्हा कळलं.

“कुणी केला, विचारतोय मी,” हुलसुरे म्हणाले.

“मी केला,” माईसाहेब म्हणाल्या.

प्राचार्यांनी घसा खाकरला. “माईसाहेब, आपण तर आत्ता…”

“सकाळी फुलं वाहायला आले होते. तेव्हा केला.”

तसबिरीवर पुण्यतिथीचा प्लास्टिकचा हार होता. फुलाची एक पाकळी तिथे नव्हती. सगळ्यांनी हाराकडे पाहिलं आणि सगळ्यांनी तिकडून नजर काढून घेतली.

“तुमच्या तात्यासाहेबांना दिवसाउजेडी दिवा जळलेला खपत नव्हता,” त्या पुढे म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, भाजीवाल्याला भाव सांगावा तसा होता. “भरल्या पानावरून उठायचे बंद करायला. लेक बाळंत झाली तेव्हासुद्धा आधी माजघरातला दिवा मालवला, मग विचारलं, मुलगा का मुलगी. आणि तुम्ही त्यांच्याच डोळ्यांवर दोन-दोन लावून ठेवलेत, रात्रीचा दिवसाचा. मला आधी विचारायचं होतं.”

त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि पुन्हा बटण दाबलं. फोकस गेले, मोटर गप्प झाली. यूपीएसची किंकाळी तुटून पुन्हा टिकटिक सुरू झाली.

“झालं? का आणखी टाळ्या वाजवायच्यात?”

कुणी वाजवल्या नाहीत.

परत जाताना त्या खिडकीपाशी थांबल्या. आत वाकून बघितलं. कॉम्प्युटर, बांधलेला डबा, थोंबरे मॅडम.

“किती वाजेपर्यंत आहे गं तुझं?”

“पाच.” आवाज जेमतेम आला.

“मग माझ्याकडे काय बघतेस?”

बोटं सुरू झाली. त्या काठी टेकत निघून गेल्या. मग आम्ही पंचवीस शिकलेली माणसं त्या खिडकीबाहेर उभे राहून टायपिंगचा आवाज ऐकत होतो. निंबाळे सर पहिल्यांदाच एखादा कॉम्प्युटर इतका वेळ बघत होते. शेवटचा अर्ज गेला तेव्हा टिकटिकीतली फट संपत आली होती. थोंबरे मॅडमनी पडद्यावरची ‘स्वीकृत’ ही अक्षरं दोनदा वाचली, मग डब्याची गाठ सोडली. पाच वाजून गेल्यावर थोड्या वेळाने लाईट आली, तिच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे.

अर्ज गेले म्हटल्यावर प्राचार्यांना ऑर्डरचं बघावं लागलं. ऐकणारे फार होते. अध्यक्षांच्या भाच्यालाही संस्थेने वाऱ्यावर सोडलं नाही. त्याच्यासाठी ‘यूपीएस देखरेख अधिकारी’ असं पद निघालं. खुर्ची नवी मिळाली, चाकांची, आणि टेबलाशेजारी एक लाल बटण.

पुढच्या पुण्यतिथीला तसबिरीखाली संगमरवरी पाटी बसली: ‘या दिव्याचे बटण मा. माईसाहेबांच्या शुभहस्ते बंद करण्यात आले.’ माईसाहेबांचा मान राखून फोकस काढून टाकले. पण मग पोर्चच्या अंधारात पाटी वाचता येईना. म्हणून पाटीवर एक दिवा लावण्यात आला. तो रात्रंदिवस चालू ठेवायचं ठरलं आणि त्याचं बटण अर्थातच लाल आहे.

आता मी निवृत्त झालो. छपरावर सोलरचे पत्रे आले, बॅटऱ्या बदलल्या. कूलर आहे, मासे नाहीत. थोंबरे मॅडम ऑफिस अधीक्षक आहेत. निरोपाच्या दिवशी मी त्यांना विचारलं की त्या दिवशी तात्यासाहेबांचा दिवा नेमका कधी बंद केलात.

“तुम्ही प्राचार्यांकडे पळालात ना सर, तेव्हाच.”

“इतक्या लोकांच्या देखत? भीती नाही वाटली?”

“बटण दाबायची नव्हती वाटली. इथं डोळे उघडे ठेवून नमस्कार करतं कोण?” त्या म्हणाल्या. “भीती वाटली ती तुम्ही माईसाहेबांना आणताय म्हणालात तेव्हा.”

मध्ये पेन्शनच्या एका कामासाठी सकाळी सकाळी कॉलेजात गेलो होतो. थोंबरे मॅडम आल्या, पर्स खांद्यावर तशीच ठेवून पोर्चमध्ये गेल्या. शिपाई, दोन प्राध्यापक, नवे प्राचार्य, सगळे तिथे हात जोडून, डोळे मिटून उभे होते. मॅडमनीही चपला काढल्या, एक हात छातीशी धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट सहज बाजूला नेलं. पाटीवरचा दिवा गेला. मग सगळ्यांनी डोळे उघडले आणि आपापल्या कामाला लागले.